ठमेलच्या गल्लीत थंडीची खरेदी

काठमांडूला गेलात तर पशुपतिनाथाचं दर्शन घ्याल, स्वयंभूनाथच्या पायऱ्या चढाल, तिथल्या माकडांपासून हातातली केळी वाचवाल. हे सगळं तर करायचंच. पण एक संध्याकाळ राखून ठेवा ती ठमेलसाठी. ठमेल म्हणजे देऊळ नाही, राजवाडा नाही, संग्रहालयही नाही. ठमेल म्हणजे गल्ल्या! आपल्या पुण्याच्या तुळशीबागेत डोंगर चढायचं सामान विकायला ठेवलं तर कसं दिसेल, तसं काहीतरी. डोक्यावर रंगीबेरंगी पताका, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि दुकानाच्या दारात माणसांऐवजी जाकिटं उभी! लाल, निळी, पिवळी, पोट फुगलेली जाकिटं हँगरला लटकून वाऱ्यावर डुलत असतात. त्यांच्या खाली पाठपिशव्यांचे ढीग, छताला टांगलेल्या काठ्या, हातमोज्यांच्या माळा.

मराठी मुलांना इथे एक गंमत वाटते. पाट्या वाचता येतात! नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात. दुकानाला 'पसल' म्हणतात, स्वस्त म्हणजे 'सस्तो', आणि 'भाडामा' असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, इथे वस्तू भाड्याने मिळतात. हा शेवटचा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळ्यात जास्त पैसे त्यानेच वाचणार आहेत.

हा बाजार इथे आला कसा? १९५० च्या सुमारापर्यंत नेपाळची दारं परदेशी लोकांना जवळजवळ बंदच होती. ती उघडली आणि २९ मे १९५३ ला तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. मग काय, जगभरातल्या गिर्यारोहकांची रीघ लागली. सुरुवातीला परदेशी पाहुणे जुन्या शहरातल्या झोछें नावाच्या रस्त्यावर उतरत. हिप्पींच्या काळात त्यालाच 'फ्रीक स्ट्रीट' हे नाव पडलं. नंतर ठमेलमध्ये गेस्ट हाऊसं निघाली आणि गर्दी इकडे सरकली. मोहीम संपली की गिर्यारोहकांपुढे प्रश्न असे, हे तंबू, हे बूट, हे कुऱ्हाडीसारखे आइस अॅक्स परत न्यायचे कशाला? विमानात वजनाला पैसे पडतात. मग ते कुणी सोबतच्या शेर्पांना देऊन टाकी, कुणी विकून टाकी. ते सामान ठमेलच्या दुकानांत येऊन पडलं, आणि त्यातून वापरलेल्या सामानाचा धंदा उभा राहिला. आजही वसंतातल्या मोहिमा मे महिन्याच्या अखेरीस संपल्या की असं सामान या गल्ल्यांत उतरतं.

मी गेले होते ती माझी ताई, भावोजी आणि आठवीतली भाची यांच्याबरोबर. आम्हाला जायचं होतं लांगटांग खोऱ्यात, क्यांजिन गोम्पापर्यंत. ते ठिकाण सुमारे ३,८०० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्या दुपटीहूनही वर! दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हे तुम्ही भूगोलात शिकला असालच. नोव्हेंबरात तिथल्या रात्री पाण्याची बाटली खोलीतच गोठते. तेव्हा गरम कपडे हवेत, आणि झोपायला स्लीपिंग बॅग हवी. पण ताई-भावोजींचं प्रवासाचं बजेट विमानाच्या तिकिटांतच निम्मं संपलेलं. चौघांचं सगळं सामान नवं घ्यायचं म्हटलं तर एवढ्या पैशांत दुसरी एक सहल होईल, असं भावोजींचं म्हणणं. आणि थंडीत पोरगी कुडकुडली तर पहिलीच सहल शेवटची ठरेल, असं ताईचं! दोघांचंही खरं होतं.

आता आधी पैशांची भानगड. नेपाळी रुपया वेगळा. १९९३ पासून आपल्या शंभर रुपयांना त्यांचे १६० हा भाव ठरलेला आहे. दुकानदाराने किंमत सांगितली की पहिला प्रश्न विचारायचा : "आय.सी. की एन.सी.?" म्हणजे इंडियन करन्सी की नेपाळी करन्सी? हिंदी बोलणारं गिऱ्हाईक दिसलं की कधी भारतीय रुपयांत आकडा सांगतात, कधी नेपाळी. न विचारता पैसे काढले तर 'चार हजार' या दोन शब्दांत पंधराशे रुपयांचा फरक पडतो! भाचीने यावर एक सोपी युक्ती काढली. नेपाळी आठ रुपये म्हणजे आपले पाच. ६,४०० नेपाळी? आठाने भागून आठशे, पाचाने गुणून चार हजार. दुसऱ्या दिवसापर्यंत ती हे इतकं भराभर सांगायला लागली की भावोजींनी मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर बंदच करून टाकलं.

आणि घासाघीस? ती करायचीच, दुकानदारांनाही ती अपेक्षित असते. पण ठमेलमधली घासाघीस आवाज चढवून होत नाही. पुरुष दुकानदाराला 'दाई' म्हणायचं, बाईंना 'दिदी'. आधी नमस्ते, मग "कति हो, दाई?" म्हणजे केवढ्याला? आकडा ऐकून हसायचं आणि म्हणायचं, "मिलाएर दिनुस् न!" म्हणजे जरा जुळवून द्या ना! हे वाक्य भाचीने पाठ केलं होतं. एका दुकानातल्या दिदींनी ते ऐकलं, तिला 'नानी' म्हणजे 'बाळ' म्हणून जवळ बोलावलं आणि लोकरीच्या टोपीचे पैसे आपणहून कमी केले. एकाच दुकानातून तीन-चार वस्तू घेतल्या तर भाव अधिक उतरतो. मार्च ते मे आणि सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर हे ट्रेकिंगचे हंगाम, तेव्हा दुकानदार फारसे वाकत नाहीत. जून ते ऑगस्ट पावसाळा, गल्ल्या रिकाम्या, तेव्हा त्याच जाकिटाचा भाव चांगला खाली येतो. म्हणून काठमांडूत राहणारे जाणकार आपली खरेदी पावसातच उरकतात.

पण थांबा. भाव कमी झाला म्हणजे पैसे वाचले असं नाही, बरं का! आधी आपण काय घेतोय ते तरी कळायला हवं.

ठमेलमधल्या बहुतेक जाकिटांवर जगातल्या बड्या बड्या कंपन्यांची नावं भरतकाम केलेली असतात. त्यातली बरीचशी नक्कल. काही काठमांडूतल्याच लहान कारखान्यांत शिवलेली, काही चीनमधून आलेली. दुकानदार हे फारसं लपवतही नाहीत. "ओरिजिनल?" असं विचारलं की एका दाईंनी हसून उत्तर दिलं, "नाव नक्कल, ऊब ओरिजिनल!" आता हे वाक्य निम्मं खरं आहे. कारण तिथे चांगलं शिवलेलं जाकीटही मिळतं आणि अगदी टाकाऊही, आणि दोघांवर नाव मात्र एकच. तेव्हा नावाकडे बघायचंच नाही. वस्तू बघायची.

(मला स्वतःला चोरलेलं नाव मिरवायला आवडत नाही. नेपाळी कंपन्या आपल्या स्वतःच्या नावाने चांगला माल काढतात. ताशी शेर्पा यांनी २००३ साली सुरू केलेलं 'शेर्पा अॅडव्हेंचर गिअर' हे त्यातलं एक नाव. किंमत नकलेपेक्षा जास्त पडते, पण निदान वस्तू कुणाची ते कळतं.)

फुगीर जाकिटात असतं काय? बदक किंवा हंस यांच्या पोटाकडची मऊ पिसं. इंग्रजीत त्याला 'डाऊन' म्हणतात आणि ठमेलमध्येही सगळे तेच म्हणतात. ही पिसं स्वतः गरम नसतात. ती फुलतात आणि आपल्यात हवा कोंडून धरतात. कोंडलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तेव्हा पिसं जितकी फुलणार तितकं जाकीट उबदार. हे मोजायचं मापही आहे. त्यावर ६००, ८०० असे आकडे लिहिलेले असतात. ८०० म्हणजे एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम पिसं फुलून ८०० घन इंच जागा व्यापतात. आपल्या भाषेत सांगायचं तर तेरा लीटर, एक बरीच मोठी बादली! मूठभर पिसांनी बादली भरते, आहे की नाही कमाल?

नकली जाकिटावर ८०० लिहायला मात्र सुईदोराच लागतो, म्हणून परीक्षा आपणच घ्यायची. जाकीट घडी करून घट्ट दाबायचं नि सोडायचं. चांगलं असेल तर हळूहळू पाव फुगावा तसं फुगतं. हाताला टोचणारे काड्यांसारखे तुकडे लागले तर समजावं की मऊ पिसांऐवजी दांड्याची पिसं भरली आहेत. काहींत पिसं नसून नुसता पॉलिएस्टरचा कापूस असतो. तो वाईट असतो असं नाही हं. उलट पिसं भिजली की चिखलाचा गोळा होतात आणि हा कापूस ओला झाला तरी थोडीफार ऊब देतो. फक्त कापसाला पिसांचे पैसे मोजायचे नाहीत. मग शिवण बघायची. टाके बारीक आणि सरळ आहेत का, जाकीट झटकल्यावर शिवणीतून पिसं बाहेर डोकावतात का? चेन चार-पाच वेळा वर-खाली करायची, हातमोजा घालूनसुद्धा. रात्री उणे तापमानात अडकलेली चेन सोडवणं म्हणजे काय ते ज्याचं अडकलं त्यालाच ठाऊक.

पावसाळी जाकिटाचं आणखी सोपं. ते उलटं करायचं. कापड पाणी रोखतं, पण सुईने शिवताना त्याला शेकडो भोकं पडतात. म्हणून चांगल्या जाकिटात आतून प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली असते. पट्टी नसेल तर ते वाऱ्याचं जाकीट, पावसाचं नव्हे. आपल्या सह्याद्रीतल्या जुलैत तर ते दहा मिनिटंही टिकणार नाही.

स्लीपिंग बॅगवर 'उणे २०' असं ठसठशीत छापलेलं असतं. त्याला भुलू नका. नियमाप्रमाणे हे तापमान काढायचं तर थंड खोलीत तापवलेला पुतळा त्या पिशवीत झोपवून मोजमाप घ्यावं लागतं, आणि मग एक नाही, निरनिराळे आकडे मिळतात. 'कम्फर्ट' म्हणजे जिथे आरामात झोप लागेल तो, आणि 'लिमिट' म्हणजे कसंबसं अंग मुडपून रात्र निघेल तो. आपण नेहमी पहिला आकडा बघायचा. ठमेलमध्ये शिवलेल्या पिशवीवर बहुधा एकच आकडा असतो आणि तो कुठल्या पुतळ्याने सांगितला ते विचारण्यात अर्थ नसतो. ती उलगडायला सांगायची, पाच मिनिटं फुगू द्यायची, आणि दुकानातच तिच्यात शिरायचं! भाची शिरली, डोक्यावरची दोरी ओढून घेतली आणि फक्त नाक बाहेर ठेवून म्हणाली, "मावशी, मी अळी झाले." दुकानातले इतर पाहुणे हसले, पण दोन पिशव्या परत ठेवल्या गेल्या. एकीला कुबट वास येत होता, आणि दुसरीत पायाशी पिसांचा गोळा होऊन मधला भाग नुसता कापडाचा राहिला होता.

आता तो शब्द : भाडं. माझ्या मते लहान मुलांच्या आईबाबांनी सगळ्यात आधी याचाच विचार करावा. हिशेब बघा. समजा एक स्लीपिंग बॅग विकत घ्यायला १६,००० नेपाळी म्हणजे आपले दहा हजार रुपये पडतात, आणि भाड्याने दिवसाला १६० नेपाळी. दहा दिवसांचे झाले १,६००, म्हणजे आपले एक हजार. म्हणजे अशा दहा सहली होईपर्यंत विकत घेण्यात फायदा नाही. आठवीतली मुलगी दहावीत जाईपर्यंत तिचं जाकीट मनगटाच्या वर चढलेलं असतं! शिवाय परत आल्यावर मुंबईच्या दमट हवेत पिसांची पिशवी सांभाळायची कटकट वेगळीच. आम्ही चार स्लीपिंग बॅगा आणि चार पिसांची जाकिटं भाड्याने घेतली. विकत घेतलं ते फक्त हातमोजे, लोकरीचे मोजे आणि टोप्या.

भाड्याने घेताना अनामत रक्कम ठेवावी लागते. ती रोख द्यावी आणि पावती घ्यावी. कुणी पासपोर्ट ठेवा म्हटलं तर सरळ नाही म्हणायचं. वस्तूला आधीच कुठे फाटलेलं, जळकं भोक असेल तर दुकानदारासमोरच त्याचा फोटो काढायचा. नेण्याचा आणि आणण्याचा दिवस मोजणार की नाही, तेही आधी विचारून घ्यायचं. भावोजींनी हे सगळं एका कागदावर लिहून दाईंची सही घेतली. ताई म्हणाली, "अहो, घर भाड्याने घेतोय का आपण?" पण परतल्यावर अनामतीचे पैसे दोन मिनिटांत हातात पडले ते त्या कागदामुळेच. भाड्याच्या पिशवीत आत घालायला घरून जुनी सुती चादर दुमडून पिशवीसारखी शिवून न्यावी. स्वच्छही राहतं आणि थोडी ऊबही वाढते. हिला पैसे शून्य!

एक वस्तू मात्र ना भाड्याने घ्यायची, ना प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी विकत. बूट! ते घरूनच, दोन-तीन महिने वापरून मुरवलेले न्यायचे. घेताना जाडे मोजे घालून, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना घ्यावेत आणि पुढे अंगठ्यापाशी बोटभर जागा ठेवावी. चढताना नव्हे, उतरताना बोटं पुढे आपटतात. राजगडाची वाट उतरलेल्यांना हे सांगायला नको.

दुसरी, चष्मा. ठमेलच्या फूटपाथवर काळे चष्मे अगदी सस्तात मिळतात. पण उंचावर सूर्याचे अतिनील किरण दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजं बर्फ त्यातले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत डोळ्यांवर फेकतं. चष्म्याची काच नुसती काळी असेल आणि ते किरण अडवत नसेल, तर अंधारामुळे आपल्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि उलट जास्त किरण आत शिरतात. म्हणजे न घातलेला बरा! तेव्हा चष्मा आपल्या गावातल्या चष्मेवाल्याकडून, 'यूव्ही ४००' आहे याची तपासणी करून घ्यावा.

आणि तिसरी गोष्ट, दोर. ठमेलच्या जुन्या सामानाच्या दुकानात मोहिमांतून परत आलेले दोर, कॅराबिनर, कमरेचे पट्टे लटकलेले असतात. त्यांच्याकडे बघून मोठ्या मुलांचे डोळे लकाकतात. आपल्या क्लबला कड्यावर चढायला लागतातच की! पण दोर नायलॉनचा असतो. उन्हाने आणि वापराने तो आतून म्हातारा होतो आणि बाहेरून तसाच दिसतो. त्यावर कोण किती वेळा पडलं हे कुठे लिहिलेलं नसतं. कॅराबिनरवर 'केएन' असं लिहून आकडा कोरलेला असतो. २० म्हणजे लांबीच्या दिशेने साधारण दोन हजार किलोचा भार. खऱ्या कंपनीच्या वस्तूवर तो आकडा चाचणी करून येतो, नकलेवर नुसता छाप मारून. जाकीट नकली निघालं तर रात्रभर थंडी वाजेल. इथे चूक झाली तर चूक सुधारायला माणूस उरत नाही. दोर नवा, नामांकित दुकानातून, पावतीसकट. यात कुणी "मिलाएर दिनुस् न" म्हणायचं नाही.

खरं तर शिकणाऱ्या मुलांना ही वस्तू विकत घ्यायची गरजच नसते. उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंगसारख्या आपल्या संस्थांत अभ्यासक्रमाला गेलं की दोर, पट्टे, बर्फातले बूट तिथेच वापरायला देतात. आपल्याकडचे गिर्यारोहण क्लबही सभासदांना सामान देतात. आधी विचारावं, मग पाकीट उघडावं.

ठमेलमधून दक्षिणेला चालत गेलं की दहा-पंधरा मिनिटांत असन बाजार लागतो. हा काठमांडूतल्या लोकांचा जुना बाजार. मसाले, पितळी भांडी, वाळवलेली मासळी आणि मध्येच लोकरीचे मोजे! ठमेलच्या मानाने इथे मोजे-टोप्या बऱ्याच स्वस्त, कारण घेणारी माणसं गावातलीच. शालींवर 'याक वूल' असं सांगतात. ताईने रीतसर परवानगी घेऊन शालीचा एक धागा ओढला आणि भावोजींनी काडी पेटवली. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख होते. हा धागा वितळला आणि त्याचा कडक मणी झाला. म्हणजे अॅक्रिलिक! विकणाऱ्या दिदी जराही न गडबडता म्हणाल्या, "धुवायला सोपी जाते." ताईने शाल घेतली, पण अॅक्रिलिकच्या भावाने.

लांगटांगच्या वाटेवर आमच्याबरोबर एक भारवाहक दाई होते. पाठीवर बांबूची टोपली, तिला 'डोको' म्हणतात, आणि तिचा पट्टा कपाळावर, तो 'नाम्लो'. आमचं सामान त्यांच्या डोकोत आणि अंगात मात्र एक विरलेलं स्वेटर. भाचीने पहिल्याच मुक्कामाला हे टिपलं. तिने मला विचारलं, "मावशी, ते सुद्धा वर तेवढ्याच थंडीत झोपणार ना?" भावोजींनी निघण्याआधी एजन्सीला हे विचारलं होतं आणि "सगळं दिलंय" असं उत्तर मिळालं होतं. त्या रात्री भावोजींनी आपलं भाड्याचं पिसांचं जाकीट दाईंना दिलं आणि स्वतः दोन स्वेटर आणि पावसाळी जाकीट एकावर एक चढवलं. तीन थरांत हवा कोंडली की बरीच ऊब मिळते, हे त्यांनी ठमेलमध्ये ऐकलेलंच होतं, आता करून पाहिलं.

काठमांडूत 'कीप' नावाची एक संस्था आहे, काठमांडू एन्व्हायर्न्मेंटल एज्युकेशन प्रोजेक्ट. १९९२ पासून ती काम करते. तिने भारवाहकांसाठी कपड्यांची एक पेढी चालवली. डोंगरात जाताना भारवाहकांनी जाकीट, बूट, मोजे घेऊन जायचे आणि उतरल्यावर परत आणून द्यायचे. हे कपडे येतात ते बहुतेक परतणाऱ्या प्रवाशांकडून. तुम्ही गेलात आणि परतताना हातमोजे, टोप्या, जाडे मोजे यांचं मुंबईत काय करणार असा प्रश्न पडला, तर आधी अशा ठिकाणी चौकशी करा. आमचे चार जोड हातमोजे आणि तीन टोप्या तिकडे गेल्या. चौथी टोपी, ती दिदींनी स्वस्तात दिलेली, भाचीने काही केल्या सोडली नाही.